न तापवलेली हलगी

आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक माणसाला मी एकच वाक्य सांगतो : "लावा जोर. जेवढा असेल तेवढा सगळा." वाक्य साधं आहे. पण 'सगळा' म्हणजे किती, हा प्रश्न मला नोकरी लागली तेव्हा पडला होता आणि अजून पुरता सुटलेला नाही.

सांगलीतल्या एका वैद्यकीय संस्थेत माणसाच्या हालचालींवर आणि स्नायूंच्या थकव्यावर संशोधन चालतं. तिथली यंत्रं मी सांभाळतो. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, डॉक्टरकीचं नाही. आमचं मूळ गाव पाटणच्या बाजूचं. तिकडे गेलं की चुलते विचारतात, "एक्स-रे काढतोस काय रं?"

"नाही काका."

"मग कसलं मशीन तुझं?"

"थकवा मोजायचं."

"मोजून काय करायचाय? काढून टाकायचं मशीन आलं की सांग. पयला नंबर माझा."

घरीही वेगळं नाही. एकदा बायको कणीक मळत असताना तिच्या मनगटाकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो. ती म्हणाली, "मोजून झालं असेल तर आता चार पोळ्या लाटा. म्हणजे पुरता कळेल थकवा." लाटल्या. तीन गोल झाल्या.

तर काम असं. दोन दांड्यांचं एक यंत्र मुठीत आवळायचं, म्हणजे पडद्यावर जोराचा आकडा येतो. कोपराखालच्या कातडीवर शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या चिकटवलेल्या असतात. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचला की स्नायूत अगदी बारीक वीज खेळते. चकत्या ती टिपतात आणि पडद्यावर तिची थरथरती रेघ उमटते. मूठ बराच वेळ आवळून धरली की लहर संथ होत जाते, पण रेघ मात्र जाड होते. कारण तेवढाच जोर टिकवायला मेंदू आणखी तंतू कामाला लावतो. ऊसतोडीत माणसं दमली की मुकादम कडेला बसलेल्यांनाही उठवतो, तसंच. कडेला कुणीच उरलं नाही की मूठ सुटते.

पण मूठ सुटली ती खरंच कुणी उरलं नाही म्हणून, की मेंदूनंच 'पुरे' म्हटलं म्हणून? हे ओळखायची एक युक्ती आहे. माणूस सगळा जोर लावत असताना नसेवर विजेचा हलका टिचका द्यायचा. आकडा वर उडाला, तर स्नायूत अजून शिल्लक होती असं समजायचं.

या युक्तीत पहिल्यांदा सापडला तो एक पैलवान. त्याची मांडी माझ्या कमरेएवढी, आणि मुठीचा आकडा माझ्यापेक्षा कमी! टिचका दिल्यावर आकडा टुणकन वर. मी म्हटलं, "पैलवान, सगळा जोर लावला नाहीत."

"लावला की."

त्याच्याबरोबर त्याचे वस्ताद आले होते. ते मिशीत हसले. "आवं सायेब, पयल्या हाताला कोण सगळा जोर दावतंय? समोरच्याला अंदाज द्यायचा न्हाई, ही तालमीची शिकवण हाय."

"पण समोर कुणी पैलवान नाही, यंत्र आहे."

"यंत्र बी समोरच हाय न्हवं?"

तेव्हापासून तालमीतल्या माणसाचा पहिल्या दिवसाचा आकडा मी धरत नाही. याच्या उलट साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. त्यांना "आवळा" म्हटलं आणि मी रेघ बघण्यात गुंगलो. आकडा उतरत होता, हात लटपटत होता, कपाळावर घाम होता, तरी मूठ सुटेना. शेवटी मीच घाबरून म्हटलं, "अहो, सोडा की!" त्यांनी शांतपणे सोडली आणि म्हणाले, "ऑर्डर यायची होती."

सांगायचा मुद्दा एवढाच, की आकडा हातातून येत असला तरी हातामागे अख्खा माणूस बसलेला असतो. हे मला पाठ झालं होतं असं वाटत होतं. मग मारुती आला.

मारुती हलगीवाला. इस्लामपूरच्या अलीकडच्या एका गावातला, चाळिशीच्या आतबाहेरचा. जत्रांत कुस्त्यांची मैदानं भरतात तिथं त्यांचा ताफा वाजवतो. दोन भाऊ हलगीवर, एक माणूस घुमक्यावर, म्हणजे गळ्यात अडकवायच्या छोट्या ढोलावर, आणि एक कैताळावर, म्हणजे झांजेवर. ज्यांनी कुस्तीचं मैदान बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : कुस्ती लागते तेव्हा हलगीची लय चढत जाते आणि तिच्याबरोबर मैदान चढतं. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं कातडं. ती डाव्या खांद्याला अडकवतात. उजव्या हातात जाड टिपरू, आणि डाव्या हातात बारीक लांब काडी. ही काडी तर्जनीनं दाबून उडवायची असते. हलगीची सगळी नजाकत त्या एका बोटात.

मारुतीचं तेच बोट वाजवताना आत वळायचं आणि काडी अडकायची.

तो थोरल्या भावाबरोबर आला होता. थोरल्याचं नाव यशवंत. ताफा त्याच्या नावावर चालतो आणि बोलणंही त्याच्याच ताब्यात. त्यानं सुरुवातच केली, "सायेब, ह्येचं बोट नाटक करतंय."

आमच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या."

मारुतीनं हात पुढं केला. "बाई, म्हस पिळतो मी. सुतळीची गाठ सोडवतो. मोबाईलवर लिवतो. कायबी तरास न्हाई. फकस्त हलगी वाजवाया लागलो की बोट वाकतंय."

"तसं न्हवं," यशवंत म्हणाला. "मैदानात वाजवाया लागला की. ह्येला डॉल्बीवाल्यानं बोलावलंय. स्पीकर उचलाय. तिकडं जायचंय, पन सरळ त्वांडानं म्हनवत न्हाई, म्हनून बोट वाकवतोय. गाव म्हनतंय पितोय. मी तेवढं म्हनत न्हाई."

"दादा, मी थेंब घेत न्हाई, तुला म्हाईत हाय."

"म्हनूनच म्हनलं न्हाई."

यशवंतानं ठरवलं होतं की यंत्रावर काही निघालं नाही, तर या जत्रेपासून मारुतीला ताफ्यातून काढायचं आणि शेजारच्या गावचा माणूस घ्यायचा. तो चहा प्यायला बाहेर गेला तेव्हा मारुती माझ्याजवळ सरकला. मी चकत्या लावण्यासाठी त्याचा हात स्पिरिटनं पुसत होतो.

"सायेब, औषद न्हाई मिळालं तरी चालंल. मी ढोंग करतोय का न्हाई, एवढं तुमचं यंत्र सांगंल का?"

"तुम्हाला माहीत असेलच की ते."

"आदी म्हाईत हुतं. दादा रोज म्हनतोय, मानसं म्हनत्यात. आता मला बी वाटाया लागलंय, आपूनच वाकवतोय का काय."

इतक्या वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माणसं विचारतात, माझा जोर किती, मी कधी बरा होईन. मी खरा आहे का, असं यंत्राला विचारणारा हा पहिलाच.

त्या दिवशी आम्ही सगळं तपासलं. मुठीचा जोर चांगला. थकव्याच्या परीक्षेत त्याचा डावा हात थकायचं नाव घेईना. मग मॅडम म्हणाल्या, वाजवा. प्रयोगशाळेत उभं राहून त्यानं हलगी वाजवली, आधी संथ, मग जलद. बोट सरळच्या सरळ. पडद्यावरच्या दोन्ही रेघा शिस्तीत. मारुती स्वतःच्या बोटाकडे असा बघत होता, जसं काही त्या बोटानंच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.

मॅडम जपून म्हणाल्या, "आज दिसलं नाही. याचा अर्थ नाहीच आहे असा नाही."

यशवंतानं अर्धंच ऐकलं. "दिसलं न्हाई. ऐकलंस? चल."

मारुतीनं चकत्या स्वतःच सोलून काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि भावामागून निघून गेला.

मला ते काही सुचू देईना. रेघांबरोबर आम्ही आवाजही टिपतो, म्हणजे ठोका नेमका कुठे पडला ते कळतं. मी ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. ठोके वेळेवर होते, कुठेही चूक नव्हती. तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आणि काय चुकतंय ते आकड्यात सापडत नव्हतं.

सापडलं ते रस्त्यावर. मार्केट यार्डाजवळ एका दुकानाचं उद्घाटन होतं आणि दाराशी हलगी वाजत होती. तो आवाज कानाखाली ओढल्यासारखा कडक. आमच्या मुद्रणातला आवाज त्यापुढे ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. मी स्कूटर बाजूला घेतली. त्या ताफ्यातला एक जण गटाराच्या कडेला रद्दी पेटवून जाळावर दुसरी हलगी फिरवत होता. मधून मधून बोटानं वाजवून बघत होता, आणि आवाज चढला तसा उठला.

घरी जाऊन मारुतीला फोन केला. "त्या दिवशी हलगी तापवली होती का?"

"दवाखान्यात जाळ कुटं करायचा सायेब? त्यात तुमी एसी लावल्याला. कातडं पार मऊ पडलं हुतं."

"मग तसंच वाजवलं?"

"तुमी वाजव म्हनला, वाजवलं."

यात त्याची चूक नव्हती. हलगी मऊ पडण्याचा आणि बोट न वाकण्याचा संबंध असेल, हे त्याला तरी कशावरून सुचावं? वाजवणारा हलगी तापवल्याशिवाय मैदानात उतरत नाही, आणि दवाखान्यात आला की जाळ मागत नाही. दोन्ही रीतीला धरूनच. आम्ही सगळी यंत्रं नीट लावली होती आणि वाद्य तेवढं अर्धवट ठेवलं होतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पेन खाली ठेवून विचार करू लागल्या. "ताणलेल्या कातड्यावरून काडी उसळून परत येते. बोटाला दर ठोक्याला मिळणारा निरोपच वेगळा. मऊ कातड्यावर ते बोट वेगळंच काम करत होतं. पुन्हा बोलवा. आणि तुलनेसाठी त्याच वाद्यावर वाजवणारा दुसरा धडधाकट हात हवा."

धडधाकट हात एकच ठाऊक होता. मी यशवंताला फोन लावला.

"आता पुन्यांदा कशाला? झालं की बघून."

"तुमचा हात बघायचाय."

"माज्या हाताला काय धाड भरलीया?"

"काही नाही, म्हणूनच बघायचाय. आणि या वेळी हलगी तापवून. रद्दी मी आणतो."

"जाळाचं मी आनतो. रद्दीचा जाळ लागत न्हाई."

आला तो पाचटाचं, उसाच्या वाळल्या पाल्याचं, गाठोडं घेऊन. संस्थेच्या मागच्या पार्किंगमध्ये आम्ही यंत्र मांडलं, खिडकीतून वायर काढली. वॉचमन आग विझवायचं लाल नळकांडं छातीशी धरून उभा. "सायेब, वरच्या सायबांनी बघितलं तर माजी नोकरी जाईल." मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना सांगितलंय, मामा." तरी तो हलला नाही. पाचट भडकलं तसा तो दोन पावलं पुढे सरकला आणि हलगी कडक झाली तसा नळकांडं विसरून ताल धरू लागला.

आधी यशवंत. त्याच्या हातावर दोन ठिकाणी चकत्या, एक बोट वळवणाऱ्या स्नायूवर आणि एक सरळ करणाऱ्यावर. लाकूड कापायची दोघांची मोठी करवत असते ना, एक ओढतो तेव्हा दुसरा ढिली सोडतो, तसे हे दोन स्नायू. यशवंतानं लय चढवली तशा दोन्ही रेघा आळीपाळीनं उठत बसत राहिल्या. मी बऱ्याच हातांच्या रेघा बघितल्या आहेत, पण इतकी स्वच्छ आळीपाळी क्वचितच. त्याला तसं सांगितल्यावर त्यानं नुसता घसा खाकरला, पण भावाकडे एकदा बघून घेतलं.

मग तीच हलगी पुन्हा शेकून मारुतीच्या खांद्याला. संथ लय ठीक गेली. कुस्ती लागल्यावरची लय सुरू झाली आणि मी बोटाकडे नाही, पडद्याकडे बघत होतो म्हणून मला ते आधी दिसलं : दोन्ही रेघा एकदमच उठल्या. करवतीची दोन्ही टोकं दोघांनी एकाच वेळी ओढावीत तशा. मग बोट वळलं. काडी तिरकी होऊन अडकली.

"सोड रं," यशवंत म्हणाला.

"सोडतोय की."

"सोड म्हनतोय न्हवं!" यशवंतानं पुढं होऊन ते बोट धरलं आणि सरळ करायला गेला. एका अंगठ्यानं होईना म्हणून दोन्ही अंगठे लावले. त्याचा चेहरा तांबडा झाला. बोट तसूभर हललं असेल, तेवढंच. "आयला, जोर हाय रं यात!"

मॅडम म्हणाल्या, "आता हलगी उतरवून ठेवा." मारुतीनं ठेवली, आणि बोट अलगद उघडलं. यशवंत आपल्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

रेघ बघून सोंग शंभर टक्के ओळखता येतं, असं मी म्हणणार नाही. ज्याला ठरवून करायचं असेल तो दोन्ही स्नायू ताणू शकतो. म्हणून मॅडमनी त्या बोटाला औषधाच्या दुकानातल्या कापडी चिकटपट्टीचे नुसते वेढे दिले आणि पुन्हा वाजवायला लावलं. आता काय व्हायला हवं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मारुतीला नाही आणि मलाही नाही. बोट वाकलं, पण उशिरा आणि कमी. पट्टी काढली, पुन्हा पहिल्यासारखं. नुसत्या स्पर्शानं असा फरक पडणं ही या आजाराची खूण, आणि सोंग करणाऱ्याला ती सहसा ठाऊक नसते. दोन्ही भावांना दुसऱ्या दिवशीही बोलावलं, मऊ हलगी आणि तापलेली हलगी आलटून पालटून दिली. मारुतीचं बोट मऊवर सरळ, तापलेलीवर दर वेळी वाकलं. मग मॅडमनी नाव सांगितलं : डिस्टोनिया. दिवसभर लिहिणाऱ्यांना होतो, तबला-सतार वाजवणाऱ्यांना होतो. एकच बारीक काम वर्षानुवर्षं केलं की मेंदूत शेजारशेजारच्या स्नायूंच्या हद्दी पुसट होतात, असं सध्या मानतात. सगळ्यांनाच का होत नाही, ते नीट कळलेलं नाही.

"म्हंजे ढोंग न्हाई?" मारुतीनं विचारलं.

"नाही."

तो खाली बसला आणि हलगीचा पट्टा विनाकारण सोडून पुन्हा बांधू लागला.

यशवंताचा प्रश्न वेगळाच निघाला. "बाई, मला बी व्हईल का?"

"सांगता येत नाही."

"लय वाजिवलं तर?"

"लय वाजवणाऱ्या सगळ्यांना होत नाही."

हे ऐकून त्याला दिलासा वाटला की भीती, हे मला कळलं नाही. भीती मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

यापुढचं लिहिताना मला फारसा आनंद होत नाही. त्या स्नायूला ढिला पाडायचं इंजेक्शन असतं, ते मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी दिलं. बोट वळायचं थांबलं. पण मारुती म्हणाला, "सायेब, बोट सुटलं, पर काडीतला जीव गेला." हे मी मोजूनही बघितलं आणि त्याचं खरं होतं. स्नायू दुबळा करूनच तो उपाय चालतो. औषध उतरलं की बोट पुन्हा वळतं. अगदी संथ लयीत नव्यानं शिकायचा एक मार्ग आहे, तो त्यानं धरला. हलगी पुन्हा पहिल्यासारखी वाजेल असं आम्ही त्याला सांगितलं नाही, कारण तसं आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या कामाचं हे दुखणं जुनं आहे. काय बिघडलंय ते आम्ही बारीक रेघेत दाखवतो, आणि दुरुस्तीला मात्र तेवढा बारीक हात अजून कुणाचाच नाही.

जत्रेला मारुतीनं मला बोलावलं. शेजारच्या गावचा माणूस आलेला नव्हता. ताफ्यातल्या घुमकेवाल्याला यशवंतानं दुसऱ्या हलगीवर घेतलं होतं आणि घुमकं मारुतीच्या गळ्यात होतं. घुमक्याला मनगट लागतं, तर्जनीचं तितकं काम नाही. मी कडेला बसलो. मधल्या गटातली एक कुस्ती रंगात आली होती. तेवढ्यात पंचांच्या मांडवातून फेट्यातला एक जण ओरडला, "यशवंता, मारुत्याच्या गळ्यात घुमकं व्हय रं? दारूनं हात गेला म्हन की!"

यशवंतानं हलगी थांबवली.

कुस्ती चालू असताना हलगी थांबली की मैदानाला कळतच नाही काय झालं. खालचे पैलवानसुद्धा पकड न सोडता मान वळवून बघू लागले.

"दारू न्हवं," यशवंत म्हणाला. त्याला माईकची गरज नव्हती. "हाताचा आजार हाय त्येला. सांगलीत यंत्रावर बघितलाय."

"यंत्रावर?"

"यंत्रावर. त्येला बी लावलं, मला बी लावलं."

"तुला कशाला?"

"कुनाचा हात खोटा हाय ते बघाया. माजा बी खरा निगाला, त्येचा बी खरा निगाला." त्यानं टिपऱ्यानं मांडवाकडे दाखवलं. "तुजा बघायचा आसंल तर चल. पाचट मी आनतो."

मैदान खदखदून हसलं. पाचटाचं काय ते कुणालाच कळलं नव्हतं, तरी हसलं. यशवंतानं टिपरू उचललं, पण ते कातड्यावर पडायच्या आधीच मारुतीनं घुमक्यावर ठोका टाकला होता. मग थोरल्याची हलगी त्याच्या मागून आली.